वाचकांचे प्रश्न : ज्योतिबाचा डोंगर उगवला की उरला?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे करवीर, पन्हाळा आणि भुदरगड तालुक्यांतून आलेली आहेत, आणि त्यांतील एका पाकिटाबरोबर तर प्लॅस्टिकच्या डबीत कापूस घालून ठेवलेला एक दगडही आला आहे. त्या दगडाकडे शेवटी वळू. आधी ज्या प्रश्नाची तीन पत्रे वेगवेगळ्या शब्दांत आली आहेत, तो प्रश्न घेतो.

प्रश्न : आमच्या घराच्या गच्चीवरून ज्योतिबाचा डोंगर रोज दिसतो. शेंडा छाटलेल्या शंकूसारखा त्याचा आकार आहे आणि पुस्तकांत ज्वालामुखीची चित्रे नेमकी अशीच असतात. महाराष्ट्र लाव्हारसापासून बनला, असे आपण शाळेत शिकतो. मग ज्योतिबाचा डोंगर हा विझलेला ज्वालामुखी आहे, असे म्हणता येईल का? (केर्ली येथील एक वाचक)

उत्तर : तसे म्हणता येणार नाही, पण तुम्हाला पडलेली शंका अगदी रास्त आहे, कारण डोंगर लाव्हाचा आहे आणि आकार शंकूचा आहे, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चूक होते ती या दोन गोष्टींची सांगड घालताना.

ज्वालामुखीचा शंकू कसा तयार होतो, ते आधी पाहू. एका तोंडातून लाव्हा आणि राख बाहेर पडते, तोंडाभोवती साचते आणि प्रत्येक नवा थर आधीच्या थरावर उतरता पसरतो. त्यामुळे असा डोंगर उभा कापला, तर त्याचे थर मध्यापासून चारही बाजूंना, घराच्या कौलांसारखे, बाहेरच्या बाजूला उतरलेले दिसले पाहिजेत. आता एखाद्या उन्हाळी सकाळी, गवत वाळून गेलेले असताना, पन्हाळ्याच्या तटावरून ज्योतिबाच्या डोंगराकडे पाहा. उतारावर आडव्या रेघा दिसतील. एक उघडा काळा कडा, त्याखाली पिवळ्या गवताचा पट्टा, पुन्हा कडा, पुन्हा पट्टा. या रेघा डोंगराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूपर्यंत जवळजवळ सपाट जातात. कौलांसारख्या कुठेही उतरत नाहीत. आणि नजर जरा लांब नेली, तर पन्हाळ्याच्या रांगेवरही तशाच आडव्या रेघा चाललेल्या दिसतात. दरीच्या अलीकडे असलेला थर पलीकडेही असेल, तर तो मुळात अखंड होता आणि दरी नंतर कोरली गेली, याखेरीज दुसरा अर्थ निघत नाही.

म्हणजे ज्योतिबाचा डोंगर जमिनीतून वर आलेला नाही. तो जागच्या जागी आहे; खाली गेली ती त्याच्या भोवतालची जमीन. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, काही लाख वर्षांच्या अवधीत, जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा उसळत राहिला. हा लाव्हा पातळ होता. तो शंकू रचत बसला नाही, पुरासारखा पसरला. आज उरलेले त्याचे क्षेत्र सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भरते, आणि आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ सापडणारा बेसॉल्टही (लाव्हा थिजून झालेला काळा दगड) याच लाव्हाचा, जुन्या नद्यांच्या खोऱ्यांतून तेथवर वाहत गेलेला, असे मानले जाते. ज्या भेगांतून तो वर आला, त्यांपैकी अनेक भेगांत शेवटचा लाव्हा थिजून गेला. धुळे-नंदुरबार भागात अशा थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंती शेतांतून मैलोगणती गेलेल्या दिसतात. ज्वालामुखीचे तोंड पाहायचेच असेल, तर या भिंती पाहाव्यात. चित्रातल्या शंकूचा ध्यास सोडावा लागेल, एवढेच.

कडा आणि गवताचा पट्टा यांची पाळी कशी पडते, हेही सांगण्यासारखे आहे. लाव्हाचा एक लोट पसरला की त्यात विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढतो. त्यामुळे लोटाचा वरचा भाग पावासारखा सच्छिद्र होतो आणि मधला भाग घट्ट, भरीव राहतो. सच्छिद्र भाग लवकर झिजून उताराची माती होतो. भरीव भाग कडा धरून उभा राहतो. काही ठिकाणी दोन लोटांच्या मध्ये विटकरी रंगाचा पातळ पट्टाही असतो. सह्याद्रीतल्या घाटरस्त्यांच्या कापलेल्या बाजूंवर तो अनेकांनी पाहिला असेल. आधीचा लोट थंड झाल्यावर त्याच्या पृष्ठभागाची माती होऊ लागली, आणि तेवढ्यात वरून पुढचा लोट आला, असा त्या पट्ट्याचा अर्थ आहे. या पायऱ्यांवरूनच युरोपीय अभ्यासकांनी या खडकाला ‘ट्रॅप’ हे नाव दिले. स्वीडिश भाषेत ‘ट्रापा’ म्हणजे जिना. आपण ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतो, तेव्हा ‘दख्खनचा जिना’ म्हणत असतो.

आता एक साधा हिशेब करू. ज्योतिबाचा डोंगर पायथ्याच्या सपाटीपासून सुमारे हजार फूट, म्हणजे तीनशे मीटर उंच आहे. एवढा खडक नुसत्या पावसापाण्याने झिजून जाऊ शकतो, यावर विश्वास बसत नाही, असे एका वाचकाने लिहिले आहे. वहीच्या कागदाची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर असते. दहा वर्षांत एका कागदाइतका खडक झिजतो, असे धरा. म्हणजे माणसाच्या संपूर्ण आयुष्यात आठ कागद, कोणाच्या लक्षातही येणार नाही इतके. या वेगाने 6 कोटी 60 लाख वर्षांत 660 मीटर खडक जातो. हा वेग केवळ उदाहरणादाखल घेतला आहे. पण कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांनी आणि त्यांच्या असंख्य ओढ्यांनी एवढे काम करावे, यात अशक्य काही नाही, हे त्यावरून ध्यानात यावे. पावसाळ्यात पंचगंगेच्या घाटावर उभे राहून पाण्याचा रंग पाहिला, तर हे काम अजून चालू असल्याचे दिसते.

प्रश्न : रंकाळा हे ज्वालामुखीचे तोंड होते, असे आमच्याकडे ठामपणे सांगतात. खरे काय? (कोल्हापूर)

उत्तर : रंकाळ्याच्या जागी पूर्वी दगडाची खाण होती आणि मोठ्या भूकंपानंतर तिच्यात पाणी भरले, अशी परंपरेने चालत आलेली हकिकत आहे. तिच्यातला भूकंप बाजूला ठेवला, तरी खाणीची गोष्ट खडकाशी जुळणारी आहे, कारण काळ्या पाषाणाच्या अंबाबाईच्या देवळाला आणि जुन्या कोल्हापूरच्या बांधकामांना लागणारा दगड जवळपासच निघत असणार. ज्वालामुखीच्या तोंडाची मात्र कोणतीही खूण तेथे नाही. महाराष्ट्रात बेसॉल्टमध्ये खरोखरीचा गोल खड्डा एकच प्रसिद्ध आहे, तो बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचा, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा. आणि तोही ज्वालामुखीचा नव्हे, अशनीच्या आघाताचा आहे. तेथील खडकात आघाताच्या प्रचंड दाबानेच तयार होणारी काच सापडली, तेव्हा जुना वाद मिटला.

प्रश्न : माझ्या आजोबांच्या पुस्तकात डायनासोर 6.5 कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाले असे आहे, माझ्या पुस्तकात 6.6 कोटी. आजोबा म्हणतात, पुस्तकवाल्यांना एक कोटीचा दशांश म्हणजे काहीच वाटत नाही. कोणते बरोबर? आणि आपल्या डोंगरांच्या लाव्हामुळेच डायनासोर मेले का? (गडहिंग्लज येथील इयत्ता नववीची विद्यार्थिनी)

उत्तर : आजोबांना माझा नमस्कार सांग. त्यांचे पुस्तक चुकीचे नव्हते, त्या काळच्या मोजणीप्रमाणे बरोबर होते. खडकाचे वय त्यातील किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून काढतात. उदाहरणार्थ, पोटॅशियमचा एक प्रकार अतिशय सावकाश क्षय पावतो आणि त्याचा काही भाग आर्गॉन वायूत बदलतो. त्याचे निम्मे अणू संपायला सुमारे 125 कोटी वर्षे लागतात. लाव्हा थिजला की तयार झालेला आर्गॉन खडकातच अडकून राहतो. किती आर्गॉन साचला हे मोजले, की घड्याळ किती वेळ चालले ते कळते. पण घड्याळ आधी कशाशी तरी जुळवून घ्यावे लागते, आणि ही जुळवणी गेल्या काही दशकांत अधिक काटेकोर झाली, म्हणून आकडा 6.5 वरून 6.6 कोटींवर सरकला. खडक जागचा हलला नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जास्त रंजक आहे, आणि त्यात तुझ्या जिल्ह्याचा थेट संबंध आहे. लुइस आणि वॉल्टर आल्वारेझ या पितापुत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये दाखवून दिले, की इटलीतील गुब्बिओ येथे डायनासोरांच्या काळाच्या शेवटाशी असलेल्या मातीच्या पातळ थरात इरिडियम हा धातू अवाजवी प्रमाणात आहे. हा धातू पृथ्वीच्या कवचात अत्यल्प आणि अशनींमध्ये बराच असतो. पुढे मेक्सिकोत चिकशुलुब येथे सुमारे 180 किलोमीटर रुंदीचा, जमिनीखाली गाडला गेलेला आघाताचा खड्डा ओळखला गेला. दख्खनचे उद्रेक या आघातापूर्वी सुरू झाले होते आणि आघातानंतरही चालू राहिले, एवढे आता निश्चित आहे. त्यांतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडने आणि गंधकाच्या वायूंनी हवामान बिघडले असणार. तरीही घाव कोणाचा, असे विचाराल तर माझे मत अशनीच्या बाजूला झुकते. वर्तमानपत्रांना दोघांची कुस्ती लावून द्यायला आवडते, आणि आपल्या गावात कुस्तीचे वेड काही कमी नाही. पण निसर्गात दोन संकटे एकाच वेळी येऊ शकतात.

आता जिल्ह्याची गोष्ट. सह्याद्रीतील लाव्हाचे थर त्यांच्या रासायनिक घटकांवरून गटांत विभागलेले आहेत आणि प्रत्येक गटाला एखाद्या गावाचे नाव दिलेले आहे : खाली जव्हार, इगतपुरी, नेरळ, मग भीमाशंकर, खंडाळा, बुशे, त्यावर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. हे थर दक्षिणेकडे किंचित कललेले असल्यामुळे दक्षिणेला जावे तसे अधिक तरुण थर भेटतात. आणि महाबळेश्वरच्याही वर जो गट येतो, त्याचे नाव ‘पन्हाळा’ असे आहे. जगभरातील भूशास्त्राच्या ग्रंथांत आपला पन्हाळा असा जाऊन बसला आहे, हे पन्हाळ्यावर झुणका-भाकर खायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते.

थर थिजताना त्यातील लोहाचे सूक्ष्म कण त्या वेळच्या चुंबकीय उत्तर-दक्षिणेप्रमाणे लागतात आणि तसेच अडकून राहतात. पृथ्वीचे चुंबकत्व अधूनमधून उलटे होते. अशनी आदळला तेव्हा ते उलटे होते. त्यानंतर काही लाख वर्षांनी ते आजच्यासारखे झाले. पन्हाळा गटातील लाव्हात ते आजच्यासारखे आढळते. म्हणजे पन्हाळ्याचा लाव्हा वाहिला, तेव्हा डायनासोर संपून काही लाख वर्षे लोटली होती. त्यामुळे पन्हाळ्याच्या लाव्हाने डायनासोर मारले, हा आरोप तरी टिकत नाही! आणखी एक गंमत : त्या वेळी आपली जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती आणि उत्तरेकडे सरकत होती. हा लाव्हा पुरवणाऱ्या, पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त जागेवरून ती गेली, ती जागा आता हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली मानली जाते, आणि तेथला ज्वालामुखी अजून जागा आहे.

डायनासोरांचे अवशेष पाहायचे असतील, तर लाव्हाच्या खालचे गाळाचे खडक शोधावे लागतात. जबलपूर, गुजरातमधील बालासिनोरजवळचे रैयोली, आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा, ही त्यासाठी प्रसिद्ध ठिकाणे आहेत. कोल्हापूरच्या काळ्या कातळात हाड मिळण्याची आशा धरू नये.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या गवंडीकाम चालते. कोकणातला चिरा आम्ही ओळखतो. पन्हाळ्याच्या माथ्यावर आणि मसाईच्या पठारावर दगड त्याच जातीचा दिसतो. खाली सगळा काळा दगड आणि वर टोपीसारखा जांभा, हे कसे? जांभा कोकणातून वर कसा आला? (कोडोली)

उत्तर : तुमची नजर अचूक आहे. तो जांभाच आहे. फक्त तो कोठून आलेला नाही, जागीच झालेला आहे. काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, उष्ण आणि भरपूर पावसाच्या हवेत सपाट माथ्यावर लाखो वर्षे कुजत राहिला, तर पाणी त्यातील चुना, सोडा आणि सर्वांत मोठा वाटा असलेली सिलिका हळूहळू विरघळवून नेते. मागे राहतात ती न विरघळणारी लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची संयुगे. लोखंडाने रंग तांबडा होतो, धुऊन गेलेल्या भागाच्या जागी भोके पडतात. चहा गाळल्यावर गाळणीत चोथा उरावा, तसा जांभा हा काळ्या दगडाचा चोथा आहे. फ्रान्सिस बुकानन याने 1807 मध्ये मलबारातील अंगाडीपुरम येथील अशा दगडाचे वर्णन करताना, विटेला असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ म्हटले. कारण तो खाणीतून काढताना मऊ, लोखंडी हत्याराने विटेसारखा तासता येणारा असतो आणि हवा लागली की कठीण होतो. तुमच्या घरात ही गोष्ट कोणाला सांगावी लागणार नाही.

हे घडायला सपाट, न झिजणारा माथा लागतो. म्हणजे पन्हाळा आणि मसाई पठार हे एका जुन्या, सलग सपाटीचे तुकडे आहेत आणि त्यांच्यामधला भाग नद्यांनी नेला. ज्योतिबाच्या उत्तरात जे म्हटले, तेच येथे दगडाच्या जातीवरून पुन्हा दिसते. जेथे लोखंडही निघून गेले आणि ॲल्युमिनियमचा अंश फार वाढला, तेथे बॉक्साइट झाले; शाहूवाडी आणि राधानगरी तालुक्यांत त्याच्या खाणी आहेत. खाणीसाठी पठाराची टोपी उचलली की तिच्यावरचा विताएवढा मातीचा थर, श्रावणात त्यावर फुलणारी सीतेची आसवे आणि सोनकी, आणि टोपीत मुरणारे पाणी, हे सगळे एकदमच जाते, हे लिहिल्यावाचून मला राहवत नाही.

पाण्याचा उल्लेख आला म्हणून गवंडी मंडळींच्या उपयोगाची एक गोष्ट. जांभा पाणी पितो. पण त्याच्या खाली बहुतेक ठिकाणी पांढरट-पिवळट चिकट मातीचा थर असतो, तो पाणी खाली जाऊ देत नाही. म्हणून पठाराच्या कडेला, टोपी आणि माती यांच्या सांध्यावर झरे फुटतात. अतिवृष्टीत हीच चिकट माती निसरडी होते आणि वरचा भार सरकतो. 2021 च्या जुलैमध्ये पन्हाळ्यावर जाणारा रस्ता खचला, तेव्हा अशा उतारांवर पाण्याला वाट ठेवणे किती आवश्यक आहे, ते सर्वांना दिसले. अशा जागी भिंत बांधताना दगड किती जाड लावला, यापेक्षा मागचे पाणी बाहेर काढणारी भोके किती ठेवली, हे आधी पाहावे.

प्रश्न : कोयनेचे धक्के आम्हाला जाणवतात. जुना ज्वालामुखी पुन्हा जागा होण्याची ही लक्षणे आहेत का? (शाहूवाडी)

उत्तर : नाहीत. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा 6.3 तीव्रतेचा भूकंप आणि त्यानंतर आजवर चालू असलेले धक्के यांचा संबंध जमिनीखालील जुन्या प्रस्तरभंगांशी, म्हणजे खडकांना पडलेल्या मोठ्या तड्यांशी, आणि धरणातील पाण्याच्या चढउताराशी जोडला जातो. याच अभ्यासासाठी कोयना परिसरातील गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले. सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट ओलांडल्यावर त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा, कितीतरी जुना खडक लागला. वितळलेला लाव्हा नव्हे. दक्षिणेला ही बेसॉल्टची चादर विरत जाते आणि गोकाकच्या धबधब्यावर तर घटप्रभा तिच्याहून फार जुन्या वालुकाश्माच्या कड्यावरून उडी घेते.

प्रश्न : विहीर काढताना पस्तीस फुटांवर भोकाभोकांचा दगड लागला. भोकांत पांढऱ्या सुया आहेत. नमुना सोबत पाठवीत आहे. हे जुन्या जिवाचे अवशेष आहेत का, त्यांना काही किंमत येईल का, आणि विहीर आणखी खाली न्यावी का? (गारगोटीजवळील एक शेतकरी)

उत्तर : नमुना मोठ्या लिंबाएवढा आहे. एका बाजूला ताजा फुटलेला करडा-काळा दगड, दुसऱ्या बाजूला बोराएवढी पोकळी. भिंगातून पाहिले, तर पोकळीच्या भिंतीला आधी शेवाळी हिरव्या रंगाचे पातळ अस्तर आहे, त्यावर पंख्यासारख्या पसरलेल्या रेशमी पांढऱ्या सुया आहेत, आणि सुयांच्या मध्ये तांदळाच्या दाण्याएवढा एक तिरकस चौकोनी पारदर्शक खडा बसला आहे. खड्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकताच तो फसफसला. म्हणजे तो कॅल्साइट आहे. तुमच्या गावाच्या नावाची गारगोटी असती, तर ती फसफसली नसती आणि तिने काचेवर ओरखडा काढला असता. सुया झिओलाइट गटातील खनिजाच्या आहेत. पोकळी म्हणजे लाव्हातला वायूचा बुडबुडा. दगड थिजल्यानंतर त्यात झिरपलेल्या पाण्याने ही खनिजे एकामागून एक आणून ठेवली. जीव कधी नव्हता.

किमतीचे म्हणाल, तर पुणे, नाशिक, जळगाव भागांतील मोठ्या आणि अभंग झिओलाइटांना संग्राहक चांगले पैसे मोजतात. तुमचा नमुना मुलांना दाखवायला उत्तम आहे, विकायला नाही.

विहिरीबद्दल : तुमचा हा दगड म्हणजे विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो. तो काळ्या कातळापेक्षा मऊ असतो, सुरुंग कमी लागतो. पण भोके खनिजांनी भरलेली असल्यामुळे ती एकमेकांना जोडलेली नसतात आणि भोकांतून पाणी मिळेलच असे नाही. पाणी बहुधा दोन लोटांच्या सांध्यावर किंवा चिरा पडलेल्या, मुरमाड झालेल्या भागात असते. विहिरीच्या कोणत्या बाजूने आणि किती फुटांवर ओल आहे, ते उन्हाळ्यात पाहून लिहून ठेवा आणि आणखी पैसे घालण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात दाखवा. खाली एकसंध काळा कातळ लागला, तर निव्वळ खोली वाढवून पाणी वाढत नाही.

तुमचा दगड त्याच डबीत, कापसासह, परत पाठवीत आहे. भिंगाखाली फिरवताना माझ्या हातून डावीकडच्या दोन सुया मोडल्या, त्याबद्दल क्षमस्व.